सातव्या प्रकरणातली तपकीर

“...पण मग ती जागा तुम्ही नेमकी कुणाकडून घेतलीत, सेन्सेई?”

पुष्करने हे विचारलं तेव्हा हागिवाराबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

त्यांनी मान वर केली नाही. हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली, दुसरी उचलली.

“कुठली जागा?”

ती जागा कुठली, हे जपानातलं शाळकरी पोरही सांगेल. फुमिए हागिवारा यांनी चाळीस वर्षं ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिकांना संगीत दिलं. त्यांच्या प्रत्येक मोठ्या चालीत एक ठिकाण येतं. सूर चढत चढत अगदी दारापर्यंत येतो आणि... दोन मात्रा काहीच नाही. मग तो आत येतो, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी उभं राहतं. रसिकांनी त्या जागेला नावच देऊन टाकलं आहे, हागिवारांचा श्वास.

या श्वासावर पुष्कर खळदकरने चारशे बारा पानांचा प्रबंध लिहिला होता आणि त्यावर टोकियोत पदवी मिळवली होती. त्यामुळे ‘कुठली जागा’ हे त्याला जरा झोंबलंच.

“तुमचा श्वास,” तो म्हणाला. “माझं सातवं प्रकरण.”

“सात प्रकरणं आहेत होय?”

“अकरा.”

“बाप रे,” बाई म्हणाल्या.

हे सगळं बोलणं मराठीत चाललं होतं, ते सांगायचं राहिलंच. सकाळपासून पुष्करला तेच जड जात होतं. टोकियोहून तीन तास आगगाडीने आणि पुढे तासभर बसने तो या डोंगरातल्या गावी आला होता. वाटभर त्याने अदबीची जपानी वाक्यं घोकली होती; त्यांतलं आता ‘सेन्सेई’, म्हणजे ‘गुरू’, एवढंच उरलं होतं. बाईंनी दार उघडलं, त्याचं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं आणि म्हणाल्या, “खळदकर? म्हणजे सासवडकडचे की रे तुम्ही! ये, आत ये. बूट तिथंच काढ.”

तो दारातच खिळला होता.

बाई तरुणपणी पाच वर्षं मिरजेत गाणं शिकल्या होत्या. पुष्करला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याने ते लिहिलंही होतं. दोनशे सहाव्या पानावर, तळटिपेत: ‘काही काळ भारतात वास्तव्य. संगीतावरील प्रभाव नगण्य.’ आपण मराठी म्हणून मिरजेची तळी उचलली असं कुणी म्हणायला नको, एवढ्यासाठी त्याने ते ‘नगण्य’ घातलं होतं. विद्वान माणसाला असली काळजी फार. पण बाई पंचाहत्तरीतही मराठी बोलतात आणि तेही मिरजेच्या ठसक्यात, हे कुठल्याच मुलाखतीत आलं नव्हतं. येणार कसं? मराठीतून विचारलं कुणी होतं?

“बरं, तूच सांग,” बाई म्हणाल्या. “कुणाकुणाकडून काय काय घेतलंय मी?”

पुष्कर सरसावून बसला. हे त्याचं घरचं अंगण होतं.

“तंतुवाद्यांची मांडणी फ्रेंच संगीतकारांकडून. चौथं प्रकरण.”

बाईंनी मान हलवली. लसणाची पाकळी वाटीत गेली.

“लहान मुलांचा कोरस, तो उत्तरेकडच्या कोळ्यांच्या गाण्यांतून. घंटा बौद्ध मंदिरांतून. पितळी वाद्यं महायुद्धानंतर इथे आलेल्या अमेरिकी जॅझमधून.”

“वडील ऐकायचे ते. आई ओरडायची त्यांना.”

“आणि श्वास तुमच्याकडच्या जुन्या नोह नाटकातून. त्यातले ढोलकरी थाप मारण्याआधी थांबतात. दोन गोष्टींमधल्या रिकाम्या जागेला तुमच्याकडे ‘मा’ म्हणतात. तुमचा श्वास म्हणजे त्या परंपरेचं शिखर आहे, सेन्सेई. असं मी म्हटलंय.”

बाईंनी आणखी एक पाकळी सोलली.

“नोह नाटक मी एकदा बघितलंय,” त्या म्हणाल्या. “झोप लागली मला.”

पुष्कर हसला नाही. हसायची त्याची परिस्थिती नव्हती.

बाईंनी वाटी बाजूला सरकवली. चुरमुऱ्यांचा डबा पुढ्यात ओढला. हे चुरमुरे कुठून मिळवले ते त्यांचं त्यांना माहीत. आज भडंग करायचं त्यांच्या मनात होतं.

“एवढं सगळं तुला आधीच ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “मग चार तास प्रवास करून कशाला आलास?”

“खात्री करून घ्यायला.”

“नाही.”

...

“नाही,” पुष्करने कबूल केलं.

आता इथे त्यांच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. ॲनिमे मालिकेत चित्रं तयार व्हायच्या कितीतरी आधी संगीत करून घेतात. ध्वनिदिग्दर्शक संगीतकाराला एक यादी देतो. यादीत क्रमांक, दोन-चार शब्द आणि वेळ. ‘क्रमांक चार: सकाळ, एक मिनिट.’ ‘क्रमांक नऊ: भांडण मिटतं, पन्नास सेकंद.’ बस्स. समोर चित्र नाही, माणूस नाही. संगीतकाराने ते आपल्या पोटातून काढायचं.

पुष्करला आयुष्यातली पहिली मालिका मिळाली होती. यादीत एकतीस तुकडे होते आणि सगळी मदार तेविसाव्यावर होती. ‘क्रमांक तेवीस: कुणीतरी घरी येतं, दीड मिनिट.’

तो तुकडा तीनदा परत आला होता.

“काय म्हणतो तुझा दिग्दर्शक?” बाईंनी विचारलं.

पुष्करला ते वाक्य पाठ होतं. ते त्याने जमिनीकडे बघत म्हणून दाखवलं. “‘हागिवारा हव्या असत्या तर आम्ही हागिवारांनाच विचारलं असतं.’”

“अरे अरे,” बाई कळवळल्या. मनापासून कळवळल्या.

“सोमवारी शेवटची संधी आहे. नाही जमलं तर मालिका दुसऱ्याला जाईल.” तो पुढे सरकला. “आठ वर्षं झाली, सेन्सेई. आठ वर्षं मी या एका कामाची वाट बघतोय. हे गेलं तर दुसरं मिळणार नाही मला.”

“मग माझ्याकडून काय पाहिजे?”

“मला तुमच्यातून सुटायचंय.”

बाईंनी भुवया उंचावल्या.

“माझ्या संगीतातून मी एकेकाला बाहेर काढलंय,” तो म्हणाला. “शिकलेले राग काढले. फ्रेंच काढले, जॅझ काढलं. मला सगळं ओळखता येतं, म्हणून काढताही येतं. फक्त तुम्ही निघत नाही.”

एवढ्या संकटातही हे सांगताना त्याच्या आवाजात किंचित ऐट आली. खोडच असते एकेकाची.

“डाग आहे काय रे मी?” बाई हसायला लागल्या. हसता हसता उठल्या, हात धुतले, पदराला पुसायला गेल्या आणि पदर नाही हे लक्षात आल्यावर रुमालाला पुसले. मग भिंतीजवळच्या जुन्या पियानोचं झाकण उघडलं.

“वाजव.”

पुष्करने तेविसावा तुकडा वाजवला.

सुरेख होता. खोटं कशाला बोला? सूर खालून निघाला, चढला, वळणावर जरा रेंगाळला, दारापर्यंत आला आणि...

“थांब,” बाई म्हणाल्या. “इथं काय केलंस?”

“काही नाही. थांबलो.”

“का?”

“तिथे... थांबतात.”

“कोण?”

“तुम्ही.”

बाई त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. त्याने सरकून जागा दिली.

“नरहरबुवा कुरुंदवाडकर,” बाई म्हणाल्या. “हे नाव आहे का तुझ्या अकरा प्रकरणांत?”

“नाही.”

“माझे गुरुजी. समोर बसवून शिकवायचे. तबला नाही, वही नाही. ते म्हणायचे, मी म्हणायची. पहिलं वर्षभर मला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. जे कानावर पडेल ते सगळं उचलायचं, एवढंच ठरवलं होतं मी. एक चीज दिली त्यांनी मला. तिच्या शेवटच्या ओळीला, समेच्या अगदी तोंडाशी, बुवा थांबायचे. रोज थांबायचे. मग समेवर यायचे.”

“म्हणजे श्वास!” पुष्कर ताठ झाला.

“ऐक तर. मी पण तस्संच घोटलं. तसंच थांबायचं, तेवढंच थांबायचं. आमच्याकडे चहा ओततानासुद्धा माणूस मधे थांबतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, गाणं असंच असतंय.”

बाईंचा चेहरा हे सांगताना विशीतला झाला होता.

“मग आली गुरुपौर्णिमा. बुवांच्या घरी पन्नास माणसं. मिरजेतले सगळे कानसेन. मला पहिल्यांदा तबल्याबरोबर बसवलं. गायले. बरं चाललं होतं रे. शेवटची ओळ आली आणि मी थांबले...”

“आणि?”

“तबलजी समेवर एकटाच पोचला.”

पुष्करच्या तोंडून हसू फुटलं. सकाळपासूनचं पहिलं.

“तुला हसू येतंय. माझं काय झालं असेल? माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आधी कळलं ते बुवांना. त्यांनी कपाळावर हात मारला आणि ओरडले, ‘अगं पोरी, ती माझी तपकीर होती!’”

...

“तपकीर?”

“तपकीर ओढायचे ते. शिकवताना त्या ओळीला आले की डबीवर दोन टिचक्या मारायच्या, चिमूट घ्यायची, ओढायची, मग पुढं. सवय होती त्यांची. बाकीच्या शिष्यांना कळत होतं, गाणं कुठलं आणि तपकीर कुठली. मी दोन्ही पाठ केलं.”

“म्हणजे सातवं प्रकरण...”

“तपकीर,” बाई म्हणाल्या.

पुष्करने डोळे मिटून घेतले. छप्पन पानांचं होतं ते प्रकरण.

“पन्नास माणसं पोट धरून हसली,” बाई पुढे म्हणाल्या. “मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बुवांकडे गेले. म्हटलं, परत जाते. मला नाही यायचं हे. बुवा म्हणाले, बस. तीच चीज सुरू केली. मी मागं म्हणत गेले, काय करणार? आली ती ओळ. डबी त्यांच्या पुढ्यातच होती.”

बाई थांबल्या.

पुष्करने वाट पाहिली. त्याला वाटलं, आता त्या बोलतील. मग वाटलं, आता. बाई पट्ट्यांकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

“डबीला हात लावला नाही त्यांनी,” त्या अखेर म्हणाल्या. “पण थांबले. दोन मात्रा. माझ्याकडं बघत. आणि मग पुढं गेले. त्या ओळीला त्यांनी परत कधी तपकीर ओढली नाही. पण थांबायचंही सोडलं नाही. मैफलीतसुद्धा. तबलजीला सांगून ठेवायचे, ‘इथं माझी पोरगी थांबते.’”

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

“मी इकडं परत आले, त्याच्या पुढच्या वर्षी बुवा गेले. पत्र पोचायला महिना लागला. मी एकटी रडले, इथं कुणाला सांगणार? मग मला पहिली मालिका मिळाली. अशीच यादी होती. चाल बांधायला बसले, सूर समेच्या तोंडाशी आला आणि हात उठेना.” त्यांनी नाक पुसलं. “मी तिथं थांबत नाही रे, पुष्कर. मी बुवांची वाट बघते. त्यांचं आटपलं की मग पुढं जाते.”

पुष्कर बाकावरच त्यांच्याकडे वळला.

“आता तू सांग. तू तिथं कुणाची वाट बघतोस?”

“श्रोत्याची,” तो पटकन म्हणाला. हुशार पोरगा, उत्तर तयारच असायचं.

“हे तुझ्या पुस्तकात लिही.”

...

“कुणाचीच नाही,” तो म्हणाला.

“म्हणून परत येतंय ते.”

हे बाई इतक्या मायेने म्हणाल्या की त्याला रागसुद्धा आला नाही. नुसतं वाईट वाटलं. आठ वर्षं कुणाच्या तरी घराबाहेर उभं राहून आपण तेच आपलं घर समजलो, असं काहीसं वाटलं.

“घरी तुला हाक कोण मारायचं?” बाईंनी विचारलं.

“आई.”

“आणि वडील?”

“बाबा फारसं बोलत नाहीत.”

बाईंनी पुढे विचारलं नाही. उठल्याही नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. पुष्करला ती शांतता सोसेना. त्याने एक पट्टी उगाच दाबली, सोडली. बाई तशाच. त्यांना अजिबात घाई नव्हती. बसायची सवय असलेली बाई ती.

“बाबा अडतात,” तो शेवटी म्हणाला. “बोलताना. ‘प’वर फार.”

“आणि तुझं नाव पुष्कर.”

“आजोबांनी ठेवलं.” तो कसंनुसं हसला. “बाबा आमच्याच शाळेत होते. चित्रकला शिकवायचे. वर्गशिक्षकही तेच होते आमचे. हजेरी घ्यायचे. बाकीची नावं कशीबशी जायची. माझं नाव आलं की ओठ मिटून उभे राहायचे. आवाजच यायचा नाही. मान ताठ व्हायची, डोळे बारीक व्हायचे. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. मग मी...”

“काय करायचास?”

“आधीच ‘हजर’ म्हणून मोकळा व्हायचो. नाव यायच्या आत. पोरं खिदळायची. बाबा पुढच्या नावावर जायचे.”

“रोज?”

“रोज. तीन वर्षं.”

“म्हणजे तीन वर्षं त्यांनी तुझं नाव...”

“पुरं घेतलंच नाही. मी घेऊ दिलं नाही.” त्याने मनगटाने डोळे पुसले. “मला लाज वाटायची, सेन्सेई. बाबांची. आणि बाबांची लाज वाटते, याचीही. मी स्वतःला सांगायचो, मी त्यांना सोडवतोय.”

“त्यांनी मागितलं होतं काय तसं?”

...

“नाही.”

“आता आहेत?”

“आहेत. पण फोनवर येत नाहीत. आई बोलते. बाबा तिच्या मागे उभे असतात. कधी कधी आई म्हणते, ‘थांब हं, बाबांना काहीतरी म्हणायचंय.’ मग मीच म्हणतो, ‘राहू दे, त्यांना सांग मी मजेत आहे.’ आणि ठेवतो.”

सांगून झालं. यात सूर नव्हते, ताल नव्हता, कुठला फ्रेंच संगीतकार नव्हता. त्याच्या अकरा प्रकरणांपैकी एकाही प्रकरणात हे बसलं नसतं. त्याला एकाएकी आपण फार लहान आहोत असं वाटलं, आणि गंमत म्हणजे त्यात बरंही वाटलं.

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. एखाद्या आजीने ठेवावा तसा, थोपटायला.

“वाजव,” त्या म्हणाल्या.

“तोच तुकडा?”

“तोच. कुणीतरी घरी येतं. दीड मिनिट.”

पुष्करने वाजवायला सुरुवात केली.

सूर खालून निघाला, चढला, दारापर्यंत आला. हागिवारांच्या श्वासाची जागा आली. बोटं तिथून सरळ पुढे गेली. त्याचं त्यालाच नवल वाटलं. आठ वर्षांत ती जागा त्याला कधी ओलांडता आली नव्हती. आता तिथे त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं.

मग एक अगदी साधी ओळ आली. दोन स्वर जोडण्यापुरती घातलेली. तिच्या मध्येच कुठेतरी त्याचा हात अडला.

तो थांबला नव्हता. अडला होता. त्याचे ओठ आपोआप मिटले. मान ताठ झाली. खडूचा वास आला. साठ पोरं आपल्याकडे बघताहेत हे त्याला कानाच्या पाळीपर्यंत जाणवलं, आणि रोजच्या सवयीने त्याचं बोट पुढच्या पट्टीकडे धावलं.

बाईंनी वरच्या वर त्याचं मनगट धरलं.

“थांब की रे, बाळ,” त्या हळूच म्हणाल्या. “त्यांची हाक अजून पुरी व्हायचीय.”